चिडचिडीचा रकाना

आर्याच्या शाळेने जन्माच्या दाखल्याची प्रत मागितली होती. म्हणून सुरुची दुपारी स्टुलावर चढून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात चाचपडत होती, आणि दाखल्याऐवजी तिच्या हाताला खाकी पुठ्ठ्याची एक लांबट वही लागली. वहीवर प्रल्हादच्या सुवाच्य, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं : 'घर – इतर'. सोसायटीचं काहीतरी असेल म्हणून ती बाजूला ठेवणार, तोच तिचा हात थरथरला. गेल्या महिन्यापासून हात असेच थरथरत होते. बशीत कप ठेवला तरी दात वाजावेत तसा आवाज व्हायचा. वही निसटली आणि फरशीवर उघडी पडली. ती उचलायला सुरुची खाली उतरली आणि वाकल्या वाकल्याच वाचायला लागली. पानावर पट्टीने आखलेले रकाने होते. तारीख, झोप, बोलणे, चिडचिड, शेरा. झोपेच्या रकान्यात तास. 'बोलणे'खाली 'कमी', 'ठीक', 'जास्त'. 'चिडचिड'खाली शून्यापासून पाचापर्यंत आकडे. कुणाचं नाव कुठेच नव्हतं. नावाची गरजही नव्हती. या तीन माणसांच्या घरात ज्याची चिडचिड मोजून लिहावी असं माणूस एकच होतं.

ती तिथेच कपाटाला पाठ टेकून बसली. वही सप्टेंबर १९९८ पासून सुरू होत होती, म्हणजे ती हॉस्पिटलातून घरी आली त्या आठवड्यापासून, आणि कालच्या तारखेपर्यंत आली होती. आठ वर्षं. आत पुरवणीसारख्या आणखी दोन वह्या शिवून जोडल्या होत्या. प्रल्हाद कचेरीत हिशेब तपासनीस होता, कामात टापटीप होता, आणि ती टापटीप इथेही होती; एक दिवस गाळलेला नव्हता. ती मधूनच पानं उलटत राहिली. 'वडील गेले. रडणे जास्त. चिडचिड १.' 'आर्याच्या शाळेवरून वाद. चिडचिड ४. लक्ष ठेवणे.' आर्याला इंग्रजी माध्यमात घालायचं की मराठी, यावर नवरा-बायकोचा वाद झाला होता. त्या दिवशी वाद दोघांनी घातला होता, आवाज दोघांचा चढला होता, पण रकाना एकालाच होता. आणि मग एका पानावर, कुठल्याशा मार्चमधल्या मंगळवारी : 'मैत्रिणीशी फोनवर पाऊण तास. हसली.' आणि त्या 'हसली'च्या पुढे एक प्रश्नचिन्ह. सुरुची त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिली. कशाला हसलो होतो आपण? आठवेना. काहीतरी असेल. पण त्या हसण्याला कुणीतरी दाराआडून असं चिमट्यात धरून पाहिलं होतं, हे कळल्यावर तिला आपल्याच तोंडाची किळस आली. तोंडात गोळीची धातूसारखी चव होती, ती आणखी दाट झाली.

आणि मग नोव्हेंबर आला. गेलाच महिना. सुरुची नवघरच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होती. पण अठ्ठ्याण्णवच्या आजारानंतर तिला वर्ग मिळाला नव्हता. ग्रंथालय म्हणून जी खोली होती, तिथे दोन कपाटांतल्या पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायचं काम तिला दिलं होतं, आणि सगळे म्हणत होते की किती छान, किती शांत काम आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका विनयाबाईंनी आपणहून विचारलं होतं, "चौथी ब च्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जातायत, तुम्ही घेता का वर्ग?" ती संबंध दिवाळी सुरुची तक्ते करत बसली होती. भागाकाराचा तक्ता, वसई तालुक्याचा नकाशा, त्यात खाडी निळ्या खडूने, मिठागरं पांढरी. वहीत लिहिलं होतं : 'उत्साह जास्त. तक्ते करत बसते. ?' आणि पुढे : '१३ नोव्हेंबर. शाळेत फोन केला. विनयाबाईंना सांगितले, वर्ग देऊ नये, ताण झेपणार नाही. समजूतदार आहेत.' '१५ नोव्हेंबर. शाळेतून रडत आली. जेवली नाही. आर्यावर ओरडली. चिडचिड ४.' '१६ नोव्हेंबर. बोलत नाही. ताट आपटले. चिडचिड ५.' '१८ नोव्हेंबर. डॉक्टर. ती बाहेर गेल्यावर वही दाखवली. गोळी वाढवली.'

तिने तेवढ्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग पुन्हा. पंधरा तारखेला विनयाबाई म्हणाल्या होत्या, "व्यवस्थापनाचं ठरलंय हो, तात्पुरत्या बाई घेणार आहेत," आणि बोलताना त्या टेबलावरच्या घंटेकडे बघत होत्या. सुरुचीला वाटलं होतं की आपल्यातच काहीतरी दिसलं असेल त्यांना. चालण्यात, डोळ्यांत. ती तीन दिवस आरशात स्वतःचे डोळे तपासत होती. आणि तो, तिचा नवरा, समोर बसून पोळीचा तुकडा मोडत म्हणाला होता, "जाऊ दे गं. कशाला जिवाला लावून घेतेस?" म्हणाला होता, आणि मग उठून आत जाऊन पाच हा आकडा लिहिला होता. वर्ग त्याने काढून घेतला, त्याचा राग तिला आला, रागाला त्याने आकडा दिला, आकडा डॉक्टरांनी पाहिला, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली, ती तिच्या पोटात गेली. या सगळ्या फेऱ्यात तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. महिनाभर तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, सकाळी उठताना डोकं ओल्या वाळूच्या पोत्यासारखं व्हायचं, आणि ते ती आपल्या आजाराचं समजून गुमान सोसत होती. चार वाजता आर्या आली, "आई, दाखला सापडला?" म्हणाली. दाखला दुसऱ्याच पिशवीत होता. सुरुचीने तो दिला, वही पुन्हा जागेवर ठेवली, दूध तापवलं. 

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी चार वाजता ती वसईतल्या पापडीला जायची. चर्चशेजारच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत क्रिस्टिना मॅडमचा गट भरायचा, आठ आठवड्यांचा, त्यातला हा पाचवा. क्रिस्टिना पन्नाशीची, पापडीचीच, मुंबईत समुपदेशनाचं शिक्षण घेऊन आलेली, कॉटनची साडी आणि पायात पुरुषी चपला. ती या प्रकाराला माइंडफुलनेस म्हणायची. बायका आपापसात श्वासाचा वर्ग म्हणायच्या. सगळ्या मिळून सात जणी, आणि सातही जणींना तोच आजार. पूर्वी सुरुचीच्या कागदावर डॉक्टर एम.डी.पी. असं लिहायचे, आता बायपोलर लिहितात. क्रिस्टिना नुसतं 'चढ-उतार' म्हणायची. गोळ्या सोडायच्या नाहीत, ही पहिल्या दिवसाची पहिली अट. मग तिने प्रत्येकीच्या तळहातावर सुकेळीचा एकेक तुकडा ठेवला होता आणि सांगितलं होतं की आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजून बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा, चावू नका. अर्नाळ्याची कमळी तोवर गिळून मोकळी झाली होती. सुरुचीला मात्र त्या दिवशी मजा वाटली होती. वसईत राहून इतकी वर्षं ती सुकेळी खात होती, पण वाळलेल्या केळ्याला किंचित धुराचा वास असतो हे तिला ठाऊक नव्हतं. त्या गुरुवारांना ती मनापासून जात होती. प्रल्हादनेच फॉर्म आणून दिला होता. "शांत वाटेल तुला," म्हणाला होता.

आज बाहेर पोरं नाताळचे कंदील चिकटवत होती; खळीचा आंबूस वास खोलीत येत होता, आणि कुणीतरी येशूजन्माच्या गोठ्यासाठी फळ्या ठोकत होतं. सात जणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसल्या होत्या. क्रिस्टिनाचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत चालला होता. "मनात जे येतंय ते नुसतं बघा. चांगलं म्हणू नका, वाईट म्हणू नका. दुःख असेल, राग असेल. येऊ द्या. जाऊ द्या." सुरुचीच्या छातीत काहीतरी तट्‌दिशी तुटलं. तिने डोळे उघडले.

"का जाऊ द्यायचा?" ती म्हणाली.

बाकीच्यांचेही डोळे उघडले. बाहेरची ठोकाठोक तेवढी चालू राहिली.

"मॅडम, मी विचारतेय, का जाऊ द्यायचा? आला की घालवायचा, आला की घालवायचा. घरी तेच, दवाखान्यात तेच, इथेही तेच. माझा राग काय सर्दी आहे?"

"मना पन तेच इचारायचं व्हतं," कमळी म्हणाली. कमळी बाजारात मासळी विकायची, उंच, आवाज खडा. "परवा माझा दीर सगल्या बाजारात बोलला, हिला आज सुई टोचलेली नाय वाटतं. का? तर मी बोलले, तू बर्फ कमी घातला, मावरं नासलं. आनि नासलंच व्हतं मावरं! वास येत व्हता. गिऱ्हाईक नाक दाबून चाललं व्हतं. पन ते बोलली कोन, तर कमळी. मंग कमळीलाच सुई टोचा."

"आमच्याकडे मी चर्चमध्ये मिस्साला गेले नाही तरी माझ्या तोंडाकडे बघतात," वटारची सालोमी हळूच म्हणाली. ती बागायतदाराघरची, गटात फारशी न बोलणारी. "आणि एका दिवशी दोनदा गेले तरी बघतात."

यावर हशा उसळला. सगळ्या हसल्या, अगदी पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुरुचीही हसली, आणि हसता हसता तिला ते प्रश्नचिन्ह आठवलं आणि तिचं तोंड मिटलं. मग तिने सगळं सांगितलं. वही, रकाने, तेरा तारीख, पंधरा, सोळा, अठरा. सांगताना तिचा आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.  कमळीने फक्त "आयला," असं म्हटलं आणि आपली खुर्ची सरकवून तिच्या खुर्चीला लावली.

 "दोन गोष्टी सांगते," क्रिस्टिना म्हणाली. "एक. मी 'जाऊ द्या' म्हणते ते चुकीचं ऐकू येत असेल तर माझं चुकतंय. सोडून द्या असं मला म्हणायचं नाही. बघा म्हणते मी. तुमचं तुम्ही बघा. दुसरं कुणी आकडा लावायच्या आत बघा. अंगात कुठे आहे, गरम आहे का गार, हलतोय का बसलाय, आणि कशावर आहे. आणि दुसरी गोष्ट..." ती थांबली. "सुरुचीताई, तुमच्या मिस्टरांचा मलाही फोन आला होता. दुसऱ्या आठवड्यात. गटात काय बोलते, विचारत होते. मी म्हटलं, इथलं बोलणं इथेच राहतं. पण फोन आल्याचं मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

"म्हणजे तुम्हीही माझी काळजीच घेतलीत," सुरुची म्हणाली. क्रिस्टिनाने मान खाली घातली. तिने सारवासारव केली नाही, एवढं मात्र खरं.

सुरुचीने पुन्हा डोळे मिटले ते चिडूनच. बघते तर बघते. राग बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला होता. मुठीएवढा. गरम होता, पण पसरत नव्हता. ती त्याच्याभोवती फिरून आली तरी तो जागचा हलला नाही. आणि मग तिला अठ्ठ्याण्णवचा राग आठवला, ज्या रागाची तिला आजवर आठवण काढायचीही भीती वाटत होती. तो असा नव्हता. तो एका जागी ठरतच नव्हता. दूधवाल्यावर, तिथून पंख्याच्या आवाजावर, तिथून पंतप्रधानांवर, तिथून आकाशाच्या रंगावर. त्याला कुणीही चालत होतं. तेव्हा तीन-तीन रात्री झोप नव्हती आणि सगळं जग काचेसारखं चमकत होतं, शब्दांना शब्द चिकटून येत होते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेव्हा तिला कसलीच शंका नव्हती. आता जगाचा रंग नेहमीचाच होता. खळीचा वास खळीसारखाच येत होता. या रागाला एक तारीख होती आणि एक माणूस होतं. हा राग तिचा होता, आजाराचा नव्हता. हे कळलं तसं तिला बरं वाटण्याऐवजी आणखीच संताप आला. की हे कळायला आपल्याला पापडीपर्यंत यावं लागतं! दुसऱ्या बायका नुसत्या रागावतात. नवऱ्याने असं काही केलं तर आदळआपट करतात, माहेरी जातात, शेजारणीला सांगतात. त्यांना आधी आपण किती तास झोपलो ते मोजावं लागत नाही. आपल्याला रागावण्याच्या आधी रागाची तपासणी करून घ्यावी लागते.

तरी तिने ती केली. गुरुवारी रात्री ती सात तास झोपली. शुक्रवारी शाळेत तिने सतरा पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवल्या, एकही वाकडी नाही. दोनदा तीन-तीन मिनिटं डोळे मिटून बसली आणि बरगडीखाली पाहिलं. तो तिथेच होता.

शुक्रवारी संध्याकाळी आर्या खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. प्रल्हाद कचेरीतून आला, हातपाय धुतले, बनियनवर खुर्चीत बसला. सुरुचीने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि चहाशेजारी वही ठेवली. त्याने आधी वहीकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू कुणी तिसरं माणूस येऊन हे मिटवेल.

"ही कुठे मिळाली?"

"तुम्ही ठेवलीत तिथेच."

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं," तो लगेच म्हणाला. "तेव्हा. लक्ष ठेवा, लिहून ठेवा, म्हणाले."

"आठ वर्षं?"

"थांबवा असं सांगितलं नाही त्यांनी." आणि हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की एरवी तिला कदाचित हसू आलं असतं.

"अहो, मी हसले त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह का?"

प्रल्हादने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. "तेव्हाही आधी हसायचीसच ना," तो म्हणाला. "तीन आठवडे नुसती हसत होतीस. मला इतकं बरं वाटत होतं, सुरुची. घर कसं भरल्यासारखं. मी कचेरीत सांगायचो, बायको खूश आहे आजकाल. मला कळलंच नाही. आणि मग राजोडी."

राजोडी म्हटलं की सुरुचीची मान खाली जायची. आठ वर्षं ती तशीच जात आली होती. त्या भर दुपारी राजोडीच्या किनाऱ्यावर ती चार वर्षांच्या आर्याला कडेवर घेऊन पाण्यात शिरली होती, कारण अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत पाण्याखालून एक उजळ वाट गेलेली तिला स्पष्ट दिसत होती, आणि ती वाट पोरीला दाखवायची होती. पाणी छातीला लागलं. आर्या आधी हसत होती, मग रडायला लागली, मग गळ्याला गच्च आवळून गप्प झाली. जाळी सुकवणाऱ्या दोघा कोळ्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. आर्याच्या नखांचे ओरखडे सुरुचीच्या मानेवर कितीतरी दिवस होते. ती दुपार तिने कधी नाकारली नव्हती. घरात कुठलाही वाद झाला, की ती दुपार कुणीही शब्द न काढता मध्ये येऊन बसायची, आणि सुरुची गप्प व्हायची. भाजीत मीठ जास्त झालं यावरून सुद्धा.

पण आज मान खाली गेली नाही.

"राजोडीसाठी मी मरेपर्यंत शरमेन," ती म्हणाली. "तुम्ही न सांगता शरमेन. पण तेरा नोव्हेंबरला मी समुद्रात नव्हते. मी घरात बसून भागाकाराचा तक्ता करत होते."

"मी घाबरलो. तू रात्री अकरापर्यंत रंगवत बसायचीस."

"मग मला म्हणायचं, झोप. विनयाबाईंना काय फोन करायचा? आणि पंधरा तारखेला मी रडत आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं मी का रडतेय. या जगात तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं. आणि तुम्ही चार लिहिलेत. सोळाला पाच. डॉक्टरांना पाच दाखवलात, फोनची ओळ दाखवली नाहीत."

तिचा आवाज चढला होता, आणि तिला माहीत होतं की चढलाय. प्रल्हाद तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. नजर ऐकत नव्हती, मोजत होती. "सुरुची," तो अगदी हळुवारपणे म्हणाला, "आज गोळी घेतलीस का?"

तिला वाटलं, आता हा कप भिंतीवर फुटणार. हात पुढे गेलासुद्धा. तो थरथरत होता, गोळीनेच. तिने तो हात दुसऱ्या हातात धरला आणि मांडीवर ठेवला. "सकाळची घेतली," ती म्हणाली. "रात्रीची जेवल्यावर घेईन. काल सात तास झोपले. आता बोला."

 आर्या दार वाजवेपर्यंत प्रल्हाद वहीचा कोपरा दुमडत आणि सरळ करत बसला होता.

शनिवारी डॉक्टरांकडची ठरलेली वेळ होती. दवाखाना स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर, बाहेरच्या बाकावर नेहमीसारखी जोडी-जोडीने माणसं. एक आजारी, एक सांगणारं. रक्ताचा रिपोर्ट सुरुचीने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल उघडली आणि प्रल्हादकडे बघून विचारलं, "काय, कशा आहेत?"

"मला विचारा," सुरुची म्हणाली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पन्नास पेशंट बाहेर बसलेले, त्यांना घाई होती. त्यांनी भुवया उंचावल्या आणि ऐकायला लागले. तिने तारखांसकट सांगितलं. वर्ग, फोन, रडणं, ताट. डॉक्टर प्रल्हादकडे वळले. "हे खरं आहे?"

प्रल्हाद म्हणाला, "हो."

"अहो, मग हे सांगायला हवं होतं तुम्ही." त्यांनी रिपोर्ट पाहिला, तिला हात पुढे करायला लावले, बोटांची थरथर पाहिली. "रक्तात गोळीची लेव्हल वरच्या बाजूला आलीच आहे. पूर्वीच्या डोसवर आणू या. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. पाणी भरपूर प्या." आणि त्यांनी एक आकडा खोडून दुसरा लिहिला. झालं. पेनाची एक रेघ. तिचा आख्खा महिना, वाळूचं पोतं, सुईत न जाणारा दोरा, सगळं त्या रेघेखाली गेलं आणि डॉक्टर पेनाला टोपण लावायला लागले.

"डॉक्टर, त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते ठीक," सुरुची म्हणाली. "पण तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी त्या दिवशी याच खुर्चीत बसले होते."

"हे बघा, तुम्ही चिडू नका..."

"चिडलेलीच आहे मी. तेही लिहा पाहिजे तर. कारणासकट लिहा."

डॉक्टरांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं, बहुधा त्या आठ वर्षांत पहिल्यांदाच. मग बाहेरच्या मुलीला म्हणाले, "पुढचे."

जिन्यात प्रल्हाद म्हणाला, "झालं ना मनासारखं?"

"नाही," ती म्हणाली. "माझा महिना गेला. माझा वर्ग गेला. डोस कमी झाला म्हणून मी पेढे वाटू?"

तो जिन्यातच थांबला. खालून एक बाई आपल्या तरुण मुलाला धरून वर येत होती, तिला वाट देण्यासाठी दोघं भिंतीला चिकटली. ती गेल्यावर प्रल्हाद म्हणाला, "मी काय करायचं मग? मला कळायचं कसं?" त्याचा आवाज कचेरीतल्या माणसाचा नव्हता. "मी विचारलं होतं तुला तेव्हा, राजोडीच्या आदल्या दिवशी. कशी आहेस, म्हणून. तू म्हणालीस, मी इतकी मजेत कधीच नव्हते. मी विश्वास ठेवला. सांग ना, आता विचारायचं आणि विश्वास ठेवायचा?"

 यावर तयार उत्तर असतं तर राग सोपा झाला असता. "तेव्हा मी खोटं बोलले नव्हते," ती शेवटी म्हणाली. "मला तसंच वाटत होतं. आता मला थोडं आधी कळतं. सगळं नाही कळत. थोडं कळतं. आणि जे कळत नाही ते तुम्ही मला तोंडावर सांगा, मी ऐकेन. पण माझ्या पाठीमागे नाही. पुन्हा माझ्या पाठीमागे एक ओळ लिहिलीत, की मी आर्याला घेऊन निघून जाईन. हे आजारात बोलत नाहीये मी."  घरापर्यंत दोघं रिक्षात आपापल्या बाजूला बघत बसली.  रविवारी वही कपाटात नव्हती. ती टेबलावर होती, उघडी, आणि शुक्रवारपासूनचे रकाने कोरे होते. हे तिच्या लक्षात आलं. पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती विनयाबाईंच्या खोलीत गेली. विनयाबाई डबा उघडत होत्या. सुरुची बसली नाही.

"चौथी ब च्या तात्पुरत्या बाई नाताळनंतर येणार नाहीत म्हणून ऐकलं. तो वर्ग मला हवाय. तुम्हीच मला विचारला होतात."

"अहो, बसा तर," विनयाबाई म्हणाल्या. "जूनमध्ये बघू ना. नव्या वर्षी. आत्ता मध्येच कशाला? तुमच्या तब्येतीचं..."

"माझ्या तब्येतीचं मी तुम्हाला काही सांगितलंय?"

"तुम्ही नाही, पण..." त्यांची नजर टेबलावरच्या घंटेकडे गेली. "काळजीपोटीच सांगतात हो घरचे. इतका समजूतदार नवरा मिळायला भाग्य लागतं. तुम्ही शांत व्हा बघू आधी."

"मी काय ओरडतेय का, बाई?"

ती ओरडत नव्हती. खरोखरच नव्हती. दाराबाहेर पोरं डबे घेऊन धावत होती, त्यांचा कल्ला तिच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा होता. पण विनयाबाईंनी तिच्याकडे त्या ओळखीच्या नजरेने पाहिलं, मोजणाऱ्या, आणि डब्यावर झाकण ठेवलं. "थांबा, मी त्यांनाच विचारते," असं म्हणत त्यांनी रिसीव्हर उचलला. नंबर त्यांना वहीत बघावा लागला नाही. सुरुचीच्या डोळ्यांसमोर विनयाबाईंचं बोट एकेक बटण दाबत गेलं. ती निघून जाऊ शकली असती. रिसीव्हर हिसकावून घेऊ शकली असती. बरगडीखाली तो होता, गरम, मुठीएवढा, आणि ती त्याला धरून उभी राहिली.

"हॅलो, प्रल्हादराव? हां, शाळेतून बोलतेय. अहो, सुरुचीबाई आल्यात माझ्याकडे. वर्ग मागतायत. जरा... हो ना. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं, तुमचं काय मत..."

मग पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नसावं, कारण विनयाबाई दोनदा "हॅलो?" म्हणाल्या. मग त्या ऐकत राहिल्या. त्यांनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं, जणू भलत्याच घरी लागलाय. मग तो खाली ठेवला. डबा उगाच थोडा बाजूला सरकवला.

"काय म्हणाले?" सुरुचीने विचारलं.

"म्हणाले, तिची गोष्ट आहे, ती समोर उभी आहे ना, मग मला कशाला फोन केलात?" विनयाबाई दुखावल्यासारख्या म्हणाल्या. "असं तोडून बोलतात का कुणी?"

सुरुचीला वाटलं होतं की असं काही झालं तर आपल्याला रडू येईल, सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. हे एक वाक्य बोलायला त्या माणसाला आठ वर्षं लागली होती, आणि तेही फोनवर, आणि तेही दुसऱ्या बाईला. तिने खुर्ची ओढली आणि विनयाबाईंच्या बरोबर समोर बसली.

"विचारा मग," ती म्हणाली.